बाबांसाठी डब्बा फोन: जिओ भारत व्ही२ घ्यावा की नोकिया १०६ ४जी?

घाटंजीकर

रामराम मंडळी. बाबांचा जुना बटनांचा फोन आता पार गेला. डिस्प्लेवर अर्धी ओळ दिसते, अर्धी दिसत नाही. कोणाचा फोन आहे हे न पाहताच उचलतात आणि मग "कोण बोलून राहिलं?" इथून सुरुवात. स्मार्टफोन देऊन पाहिला. बोट लागलं की भलतंच उघडते म्हणून त्यांनी तो आईच्या हाती दिला, आणि आईच्या हातून तो नातवाच्या हाती गेला. तो विषय संपला.

तर बटनांचाच घ्यायचा आहे. बजेट अडीच हजारांच्या आत. दोन डोळ्यांसमोर आहेत. एक जिओ भारत व्ही२, २०२३ च्या जुलैत आला तेव्हा ९९९ रुपयांचा. दुसरा नोकिया १०६ ४जी, त्याच वर्षी मे महिन्यात आला, तेव्हाची किंमत २,१९९. दोन्ही ४जी. दोन्हीत टॉर्च, एफएम, मेमरी कार्ड आणि यूपीआय. जिओवाल्यात १.७७ इंची स्क्रीन, १००० एमएएचची बॅटरी आणि नावापुरता का होईना, ०.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा. नोकियात स्क्रीन जवळपास तेवढीच, बॅटरी १४५०, कॅमेरा नाही. म्हणजे कागदावर पाहिलं तर जिओवाल्यात माल जास्त आणि पैसे निम्मे. मग दुसरा कोणी काऊन घेते?

बाबांचा वापर सांगतो. दिवसभर वावरात. रब्बीत रात्रीची लाईन असली की ओलिताला रात्री. पऱ्हाटी-तुरीच्या टायमाला जागल, कारण रानडुकरं आणि रोही (नीलगाई) एका रात्रीत धुऱ्यापासून मधापर्यंत साफ करतात. संध्याकाळी भजनं ऐकायला पाहिजेत. बँकेचा आणि पीएम किसानचा ओटीपी याच नंबरवर येतो. ज्यांनी वापरले त्यांनी सांगा.

वावरातला_गडी

भाऊ, फोन मंग पाय, आंधी रेंज पाय. बाबा ज्या मचाणावर जागलीले बसते थ्या जागी कोन्त्या कंपनीचे दांडे येते ते सांग. घरच्या ओसरीत उभं राहून फोन पसंत केला का पंचाईतच हाय. आमच्याइकडे गावात चारही कंपन्या नाचते, अन् नाल्याच्या पलीकडे गेलं का एकच उरते.

जिओ भारतमंदी दुसरं सिम चालत नाई, हे दुकानदारानं सांगतलं का तुले?

घाटंजीकर

नाही सांगितलं. बाबांचं सिम जिओचं नाही, दुसऱ्या कंपनीचं आहे.

वणीचा_मिस्त्री

माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रकार टेबलावर येतच असतात. गड्यानं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. जिओ भारत कंपनीच्याच नेटवर्कला बांधलेला आहे. उद्या नंबर पोर्ट केला तर नंबर दुसऱ्या कंपनीत जाईल आणि फोन घरात पडून राहील. ९९९ ला फोन मिळतो त्याचं कारणच ते आहे, पैसे ते रिचार्जमधून काढतात. यात फसवणूक काही नाही, खोक्यावर लिहिलेलं असते, फक्त आपण खोकं वाचत नाही.

आता बॅटरीचं. १००० आणि १४५० हा आकडा पाहून लोक दिवसांचा हिशेब लावतात, पण फोन जिथं रेंज शोधत बसतो तिथं कोणतीही बॅटरी लवकर उतरते. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल फेकावा लागतो. म्हणून तोच फोन घरी असला तर चार-चार दिवस चालतो आणि वावरात नेला की दुसऱ्या संध्याकाळी मान टाकतो. गिऱ्हाईक येऊन म्हणते बॅटरी खराब, मी मोजून पाहतो तर बॅटरी चांगली. ज्याला चार्जिंगची लाईन रोज वेळेवर मिळत नाही त्यानं १४५० घ्यावी, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. दोन्हीची बॅटरी निघते, ही मात्र चांगली गोष्ट. भिजला की आधी मागचं झाकण काढा, बॅटरी बाहेर, मग पुढचं. चालू आहे का म्हणून बटन दाबून पाहू नका.

फोन विकत घेताना लोक कॅमेरा पाहतात, माझ्याकडे मात्र तीनच गोष्टींसाठी येतात: चार्जिंगची पिन, बटनं आणि माइक. बटनांच्या खाली पत्र्याच्या बारीक टिकल्या चिकटवलेल्या असतात, दाबल्यावर "टक" आवाज येतो तो त्यांचा. घामानं आणि फवारणीच्या पाण्यानं त्या काळ्या पडतात. मग ५ दाबलं की ५५ उमटते किंवा काहीच उमटत नाही. वेचणीच्या दिवसांत माइकच्या छिद्रात रूईचा इतका बारीक तंतू बसतो की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. समोरच्याला आवाज जात नाही आणि माणूस म्हणते टॉवर खराब. टाचणी घालू नका, आतली जाळी फाटते. मऊ ब्रशनं झटका, नाही निघालं तर दुकानात द्या.

दुकानात फोन हातात घेऊन बाबांनी स्वतःचा नंबर दहा आकड्यांनी दाबून पाहावा. अंगठा जाड असलेल्या माणसाला कोणतं बटन सोयीचं जाते हे खोक्यावर लिहिलेलं नसते.

दर्यापूरची_सून

मी जिओ भारतच्या बाजूनं बोलते, कारण सगळे नुसतं लॉक-लॉक करून राहिले. आमच्या सासूबाईंकडे तोच आहे. दुपारी तूर निवडताना मोबाईल खलबत्त्याशी टेकवतात आणि कीर्तन लावतात. गाणी मेमरी कार्डात भरून आणायला कोणाला सांगावं लागत नाही, जिओ सावन आहे त्यात. नोकियात एमपी३ वाजते पण भरून द्यावं लागते, आणि भरून देणारं पोट्टं पुण्याला गेलं की वर्षभर तीच बारा गाणी.

व्हॉट्सॲप मात्र नाही त्यात, हे आधीच सांगते. दुकानदार "सगळं आहे" म्हणते. जुना जिओफोन २०१७ ला आला होता, त्यात पुढच्या वर्षी व्हॉट्सॲप आलं होतं, म्हणून लोकांना वाटते यातही असेल. नाही. त्यांचं स्वतःचं जिओचॅट आहे, पण आमच्या नात्यातलं कोणीच त्यावर नाही, तर बोलायचं कोणाशी?

स्क्रीन मात्र लहान वाटते. सासूबाई नाव वाचत नाहीत, मीच स्पीड डायल लावून दिलं. २ वर मोठी नणंद, ३ वर धाकटी, ४ वर मी. "तू चारवर आहेस" असं त्या गावभर सांगतात.

मास्तर_दारव्हा

दोन्ही बाजू ऐकल्या, आता पैशाचं कोणी बोला. फोन एकदाच घ्यायचा, रिचार्ज मात्र जन्मभराचा.

जिओ भारत आला तेव्हा त्याचा प्लॅन १२३ रुपयांना २८ दिवस होता, बोलणं अमर्याद आणि १४ जीबी. वर्षाचा १,२३४. हा प्लॅन त्याच फोनला मिळतो, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तर नाही. दुसरीकडे साध्या फोनवाल्यांचं दुखणं असं होतं की इंटरनेट लागत नसताना त्याचे पैसे भरावे लागायचे. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅनही द्या. २०२५ च्या जानेवारीत ते आले. एअरटेलचा वर्षाचा १,८४९ ला, जिओचा ३३६ दिवसांचा १,७४८ ला. हे त्या वेळचे दर, आज रिचार्जवाल्याला विचारून घ्या, दर बदलायला त्यांना मुहूर्त लागत नाही.

आता दोन वर्षांचं जोडा. जिओ भारत ९९९ अधिक दोन वेळा १,२३४, झाले ३,४६७. नोकिया २,१९९ अधिक दोन वेळा १,८४९, झाले ५,८९७. फरक २,४३० रुपयांचा. कापसाच्या भावाचं आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा हा आकडा लहान समजू नये. ज्याचं सिम आधीच जिओचं आहे आणि रेंजही आहे, त्यानं नोकियाच्या नावासाठी एवढे पैसे का द्यावेत, हे मला कोणी पटवून द्या.

नागपुरी_संत्रा

मास्तर, हिशोब एकदम बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली ना. बाबांचं सिम जिओचं नाही. म्हणजे आधी पोर्ट करा, १९०० ला मेसेज टाका, कोड घ्या, नवीन सिम, अंगठा, मग ते चालू होईपर्यंत थांबा. आणि तेवढ्यात बँकेचा ओटीपी लागला तर? त्यापेक्षा १०५ घ्या म्हणतो मी. नोकिया १०५, २०२३ चाच, आला तेव्हा १,२९९ चा. १००० एमएएच, टॉर्च, एफएम, धुळीपाण्याला आयपी५२. बोलायलाच पाहिजे ना फोन? मग ४जी कायले लागते?

धारणीवाला

१०५ चं सांगतो. तो फक्त २जी आहे. जिओचं सिम त्यात चालणारच नाही, कारण जिओकडे २जी नाहीच, त्यांचा आवाजही ४जीवरूनच जातो. बाकीच्या कंपन्यांचं २जी आहे तोवर १०५ चालेल. पण आमच्या मेळघाटात एक वेगळीच गंमत आहे. जिथं कोणाचाच टॉवर नव्हता अशा गावांसाठी सरकारनं २०२२ ला ४जीची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिलं. तसे टॉवर उभे राहिले की त्यांच्यावर ४जी असते. अशा टॉवरखाली १०५ घेऊन उभं राहिलं तर फोन "नो सर्व्हिस" दाखवते आणि माणूस म्हणते टॉवर बंद आहे.

बीएसएनएलवाल्यांनी आणखी एक पाहायचं. त्यांच्या ४जीत ७०० मेगाहर्ट्झची लहर आहे, तिला बँड २८ म्हणतात. जंगलात, डोंगराच्या आडोशाला तीच लांब जाते. पण स्वस्त बटनांच्या फोनांत हा बँड असेलच असं नाही. खोक्यावर बारीक अक्षरात बँड लिहिलेले असतात. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो "४जी आहे ना भाऊ, सगळं चालते" म्हणेल. एक वेळ खोकं उन्हात धरून वाचा.

घाटंजीला एवढं लागणार नाही म्हणा. तरी दुसरा कोणी वाचत असेल त्याच्यासाठी.

वावरातला_गडी

धारणीवाले भाऊ, एकदम कामाचं सांगतलं. आता थ्या घाटंजीकरानं वावरात जाऊन पाह्यलं का नाई ते कोणी इचारा.

घाटंजीकर

गेलो होतो भाऊ. माझ्या फोनमध्ये बाबांचं आणि जिओचं, दोन्ही सिम टाकले आणि संध्याकाळी मचाणावर चढलो. बाबांच्या जुन्याच सिमला वर बसल्या जागी चांगली रेंज आहे, बायकोला फोन लावून पूर्ण बोललो. दुसऱ्या सिमचा आवाज मधामधात तुटते, विहिरीजवळ उतरलं की ठीक. आता रात्री दोन वाजता रानडुकराचा कळप आला असताना बाबांनी विहिरीजवळ जाऊन फोन करावा, हे काही बरं नाही.

मास्तर, तुमचा हिशोब वहीत लिहून घेतला. आईचं सिम जिओचं आहे, तिच्यासाठी उपयोगी पडेल.

आता प्रश्न यूपीआयचा. बाबा म्हणतात, "कृषी केंद्रात सगळे टुंग-टुंग करून राहिले, मलेही पायजे." डब्ब्या फोनवर हे खरंच चालते का?

नागपुरी_संत्रा

चालते. त्याला यूपीआय १२३पे म्हणतात, रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या ८ मार्चला सुरू केलं. इंटरनेट लागत नाही. ०८०-४५१६-३६६६ वर फोन लावायचा, आवाज सांगेल तसं बटन दाबत जायचं, शेवटी यूपीआयचा पिन. एका वेळची मर्यादा आधी ५,००० होती, २०२५ च्या १ जानेवारीपासून १०,००० झाली. नोकियात तर त्याचं वेगळं ॲपच दिलं आहे. आणि *९९# तर त्याच्याही आधीपासून आहे, बॅलन्स पाहायला ते पुरते.

अकोटचे_काका

चालते सगळं, पण देऊ नका म्हणतो मी. माझं मत कडू लागेल. आपल्या पिढीच्या माणसाला फोनवरून कोणी "बँकेतून बोलतो" म्हटलं की तो खुर्चीतून उठून उभा राहते. पिन चार लोकांसमोर मोठ्यानं म्हणत दाबते. कृषी केंद्रात तर दुकानदारालाच म्हणते, "तूच टाक बे, मले दिसत नाई." ज्या खात्यात कापसाचे पैसे येतात त्या खात्याला बाबांच्या फोनवरून यूपीआय जोडू नका. जोडायचंच असेल तर वेगळं खातं काढा, त्यात हजार-दोन हजार ठेवा आणि टुंग-टुंग करू द्या. हौसही होते, धोकाही नाही.

दर्यापूरची_सून

काकांचं पटलं. आमच्या सासूबाई जिओपेनं पैसे टाकत नाहीत, फक्त नणंदेनं टाकले का ते पाहतात. पाहायला कोणाची हरकत नाही.

मास्तर_दारव्हा

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण लोक फोन घेतल्यावर रागावतात. ई-पीक पाहणी २०२१ पासून ॲपवर आहे, पिकाचा फोटो वावरातूनच काढावा लागतो. सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून कपास किसान ॲपवर नोंदणी. या दोन्ही गोष्टी जिओ भारतवर होत नाहीत आणि नोकियावर तर नाहीच नाही. जिओवाल्यात कॅमेरा आहे म्हणून पिकाचा फोटो निघेल असं समजून कोणी घेऊ नये. घरात एक स्मार्टफोन लागतोच, तो घाटंजीकरांकडे आहे. डब्बा फोनचं काम ओटीपी घेणं. ॲप तुमच्या फोनवर, ओटीपी बाबांच्या फोनवर, म्हणजे बाबा वावरात आणि तुम्ही तहसीलात असलात की फोन करून आकडे विचारायचे. हे सगळीकडे असंच चालू आहे.

आणि तो ओटीपीचा मेसेज मराठीत आला तर फोनला देवनागरी दिसते का, तेही पाहा. काही स्वस्त फोनांत अक्षरांच्या जागी चौकोन-चौकोन येतात. दुकानातच स्वतःच्या फोनवरून "कापूस" एवढा एक शब्द पाठवून पाहायचा, लगेच कळते. मराठीत लांबलचक लिहू नका म्हणजे झालं. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजमध्ये १६० मावतात, देवनागरीत ७० च.

वावरातला_गडी

हाव मास्तर. माह्या बापाच्या फोनले सारे चौकोनच येत होते. थो म्हने, "सरकारनं कायतरी पाठोलं, पन खिडक्याच खिडक्या हाय."

आर्णीचा_रेडिओवाला

रेडिओचा विषय राहिला, आणि तोच माझा आवडता. दोन्हीत एफएम आहे. पण बाबांना जुनं आकाशवाणी नागपूर ऐकायची सवय असेल तर लक्षात ठेवा, ते मध्यम लहरींवर आहे, ५८५ किलोहर्ट्झ. फोनमधला रेडिओ एफएमच धरतो, मध्यम लहरी कोणताच डब्बा फोन धरत नाही. यवतमाळचं केंद्र एफएमवर आहे, तुमच्या घाटंजीच्या अंगानं किती स्वच्छ येते ते मात्र फोन दुकानाबाहेर आणून ऐका. नोकियात हेडफोन न लावता रेडिओ चालते, त्यांचं ते वायरलेस एफएम. सोय आहे, पण हेडफोनची वायरच एरियल असते, ती लावली की खरखर कमी होते. वायर जोडून आवाज स्पीकरवर घेता येते का ते सेटिंगमध्ये पाहा.

जागलीवर रेडिओ मोठ्यानं लावला की रोही जवळ येत नाहीत असं आमच्या गावात समजतात. दोन-चार रात्री घाबरतात, मग त्यांनाही बातम्यांची सवय होते.

अकोटचे_काका

हा हा. आमच्याकडे ढोल वाजवला तरी जात नाहीत.

वणीचा_मिस्त्री

टॉर्चबद्दल कोणी बोललंच नाही अजून, आणि अर्धे लोक तर टॉर्चसाठीच घेतात. याची सवय नोकिया ११०० नं लावली. २००३ ला आला, जगभर २५ कोटींच्या वर खपला. त्याच्या डोक्यावर टॉर्च आणि बटनांवर एकसंध रबर, त्यामुळे धूळ आत जायची नाही. अजूनही एखादा येते टेबलावर. मी पैसे घेत नाही, फक्त पाहून घेतो.

पण रात्री ओलिताला जाताना फोनच्या टॉर्चवर राहू नका. एक लहान दाणा असते तो, दोन पावलांपुरता उजेड. दांडात पाणी फिरवताना एक हात फावड्याला लागते, दुसऱ्या हातात फोन धरला की तो एक दिवस चिखलातच जाते. आणि फोनची टॉर्च रात्रभर चालवली तर पहाटे फोन करायला बॅटरी उरत नाही, नेमकी गरज तेव्हाच असते. डोक्याला बांधायची चार्जिंगची टॉर्च वेगळी घ्या. साप-विंचवाच्या दिवसांत दोन्ही हात मोकळे पाहिजेत. टॉर्च कुठल्या बटनावर आहे ते मात्र बाबांना अंधारात दाबून दाखवा. काही फोनांत वरचं बटन लांब दाबायचं असते, काहींत मेन्यूत शिरावं लागते. मेन्यूत शिरावं लागणारी टॉर्च म्हणजे नसल्यासारखीच.

नागपुरी_संत्रा

आणि ५ चं बटन. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनला संकटाचं बटन लागते असा नियम आहे. साध्या फोनांत ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला फोन जाते. घरी मजा म्हणून दाबून पाहू नका, खरंच लागते. पण स्पीड डायल लावताना ५ आणि ९ मोकळे ठेवा.

दर्यापूरची_सून

बरं झालं सांगितलं, मी ५ वर जावईबापूंना लावणार होते.

घाटंजीकर

मंडळी, नोकिया १०६ घेतला. बाबांना दुकानात नेलं होतं. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी स्वतःचा नंबर दाबून पाहिला, दोन्हीवर. जिओवाल्याची बटनं त्यांना जवळजवळ वाटली. शेवटी मात्र बटनांवर नाही, सिमवर ठरलं. जुनं सिम तसंच राहिलं, ओटीपी तसेच येतील, मचाणावर रेंज आहे. कॅमेरा नाही याचं दुकानदारालाच जास्त वाईट वाटलं. नुसत्या बोलण्याचा वर्षाचा रिचार्ज मारला.

यूपीआय काकांच्या सांगण्यावरून थांबवलं आहे. बाबा जरा रुसले. वेगळं खातं काढू म्हटलं तर म्हणाले, "त्यात पैसे तू टाकशील ना?"

आईसाठी जिओ भारतच घेणार आहे, तिचं सिम तेच आणि ती वावरात कमी जाते. दर्यापूरच्या ताई, कीर्तन कसं लावायचं ते तुम्हालाच विचारणार.

आठवडी_बाजार

मी उशिरा आलो. आमच्याकडे बाजारात नोकियाचं नाव छापलेला फोन सहाशेला मिळून राहिला, खोकं नाही, बिल नाही. घ्यावा का?

वणीचा_मिस्त्री

घेण्याआधी *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ ला एसएमएस करा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल ते उत्तरात येते. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळते. उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं किंवा नंबरच चुकीचा निघाला तर सहाशे रुपये खिशातच ठेवा. आणि विकणारा एसएमएस करू देत नसेल तर उत्तराची वाटच पाहायची गरज नाही.

हरवलेला फोन बंद करायलाही हाच आयएमईआय लागते, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर. घाटंजीकर, खोक्यावरचा नंबर आजच फोटो काढून ठेवा. खोकं चुलीत जाते, फोटो राहते.

घाटंजीकर

काढला. आता शेवटचा प्रश्न, मिस्त्रीसाठी. विहिरीवर मोटरचा मोबाईल ऑटो बसवायचा विचार आहे, फोन लावला की मोटर चालू होणारा. तो या डब्ब्या फोनवरून चालेल का? की त्यालाही स्मार्टफोन पाहिजे?

वणीचा_मिस्त्री

चालेल. त्या पेटीत स्वतःचं सिम असते, आपण त्या सिमला फोन लावायचा. उचलल्यावर सांगेल ते बटन दाबायचं, एक आकडा चालूचा, एक बंदचा. बटन दाबल्याचा सूर पलीकडे गेला पाहिजे, तो आवाज फोनच्या सेटिंगमध्ये बंद असेल तर मोटर ऐकणार नाही. तेवढं चालू करून घ्या.

पण पेटीतलं सिम कोणतं टाकता ते पाहा. बाजारातल्या बऱ्याच पेट्या २जीच्या आहेत, त्यांत जिओचं सिम टाकलं की नुसता दिवा लुकलुकते. २जी असलेल्या कंपनीचं सिम घ्या, विहिरीजवळ तिची रेंज पाहून, आणि त्याचाही रिचार्ज संपू देऊ नका. विकणाऱ्याकडून पेटी २जी आहे की ४जी ते बिलावर लिहून घ्या. बाबांचा नंबर पेटीत पक्का करून टाका, म्हणजे भलत्याच्या फोनवर मोटर चालू होणार नाही. आणि तिन्ही फेज आल्याशिवाय मोटर सुरू न करणारी पेटी घ्या. दोनच फेजवर चालली की वाइंडिंग जळते, आणि मग ते काम माझ्याकडे नाही, मोटरवाल्याकडे.

वावरातला_गडी

पेटी घेतली का भाव सांगजो भाऊ. मलेबी एक बसवाची हाय.